‘घरची मंडळी’ ग्रुप : चर्च एकच धरावं का?

अनुग्रहा (जळगाव): सलाम सगळ्यांना. बाहेर विचारण्यापेक्षा घरात विचारलेलं बरं म्हणून इथे लिहिते. माझं नाव आपल्या चर्चमध्ये आहे. बाप्तिस्मा लहानपणी झाला, पुढे विश्वासाची कबुली देऊन दृढीकरणही इथलंच. पण ड्यूटीमुळे सकाळची उपासना निम्म्या रविवारी चुकते, म्हणून संध्याकाळी एका फेलोशिपला जायला लागले. माझ्या वयाची मुलंमुली असतात, प्रार्थना मनापासून होते. आता तिथले ब्रदर म्हणतात, "इथलीच हो, आणि पाण्यात बुडवून परत बाप्तिस्मा घे." आणि आपल्या चर्चमध्ये कुजबुज सुरू झालीये की मी तिकडची झाले. दोन्हीकडे जाणं चूक आहे का?

विजयकाका (भुसावळ): सलाम बेटा. चूक नाही म्हणणार, पण बरं पण नाही वाटत. दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस चालशील? आम्ही पन्नास वर्षं एकाच बाकावर बसलो.

जोएल (पुणे): काका, बाकाचा काय संबंध? 🙏 ख्रिस्ताचं शरीर एकच आहे. पौलाने करिंथकरांना याच गोष्टीवरून झापलं होतं, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. १ करिंथ १:१२ वाचा. मी पुण्यात एका रविवारी इथे जातो, दुसऱ्या रविवारी तिथे, कधी घरी बसून ऑनलाइन संदेश ऐकतो. माझा विश्वास कमी झालाय का?

विजयकाका: विश्वासाचं मी काय सांगू भो. पण तू आजारी पडलास तर तुझ्याकडे कोणते पाळकसाहेब येतील?

शैलाआत्या (नंदुरबार): मी सकाळपासून वाचतेय. जरा मोठं लिहिणार आहे, सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

अनुग्रहा, दुसऱ्या चर्चच्या दारात पाय ठेवल्याने कोणी बाटत नाही. "तिकडची" हे ऐकून मला फार लागलं. ज्या मुलीने रात्रपाळी करून संध्याकाळी प्रार्थनेसाठी जागा शोधली तिच्याबद्दल आपण असं बोलायचं?

आणि "तिकडची" म्हणणाऱ्यांनी आपला इतिहास आठवावा. आपण आज ज्या चर्चचे म्हणवतो, ते आपल्या पूर्वजांनी धर्मशास्त्र तपासून निवडलेलं नाही. मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतले होते, एकाच्या भागात दुसऱ्याने काम उघडायचं नाही असं ठरलेलं. १९०६ साली सरकारने खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, आणि मिशनांची वाटणीही जवळपास त्याच रेषेने गेली. भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, इकडे नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि स्वीडिश मिशनरी. तुझे पणजोबा भुसावळकडचे म्हणून अलायन्सचे झाले, आणि आपली आजी नवापूरची म्हणून ती स्कँडिनेव्हियनवाल्यांची. पुढे बाबांची रेल्वेत बदली झाली, जिथे गेले तिथे जवळचं चर्च धरलं, आणि शेवटी आपण सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलो. तापीच्या वरच्या अंगाला जन्मलो की खालच्या, यावर आपली उपासनेची पद्धत ठरली. मग आमचंच खरं असं छाती काढून म्हणण्यासारखं काय आहे?

विजयकाका: हे बरोबर आहे शैला. बाबा स्वतः असंच सांगायचे.

जोएल: मग आत्या, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय ना?

शैलाआत्या: अर्धी तुझ्या बाजूने, अर्धी विरुद्ध. पौलाने करिंथकरांना झापलं ते गट पाडले म्हणून. एका ठिकाणी बांधून राहिले म्हणून त्याने कोणालाच झापलेलं नाही. त्याचं पत्रच "करिंथ येथील मंडळीस" आहे, म्हणजे तिथे बसलेली ठरावीक माणसं होती, एकमेकांना ओळखणारी. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघड. फिबी नावाची बहीण किंख्रिया गावच्या मंडळीची सेविका होती. ती रोमला निघाली तेव्हा पौलाने तिच्यासाठी शिफारस लिहिली, हिला पवित्र जनांना शोभेल असं स्वीकारा, हिला लागेल ती मदत करा. तिचं घर एका मंडळीत होतं, म्हणून दुसरीकडे तिच्याबद्दल कोणीतरी सांगू शकलं. तुझ्याबद्दल पुण्यात कोण सांगेल जोएल? राग मानू नकोस, पण उत्तर दे.

जोएल: विचार करून सांगतो.

मार्गारेट वहिनी (धुळे): मी मध्ये बोलू का? आमच्या कॅथलिकांकडे हा प्रश्न थोडा वेगळा येतो. रविवारची मिस्सा हे बंधन आहे, पण ती कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकली तरी चालते, शनिवारी संध्याकाळची सुद्धा चालते, आमच्या चर्चच्या कायद्यात तसं कलमच आहे, कॅनन १२४८. भुसावळला पाहुणी गेले तर मी तिथल्या मिस्साला जाते, कोणी काही म्हणत नाही. पण पॅरिश, म्हणजे आपलं नाव असलेलं चर्च, मात्र राहत्या जागेवरून ठरतो. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळी नोंद तिथे. फादर बदलले, स्वभाव पटला नाही, म्हणून पॅरिश बदलत नाही. मला हे आवडतं. न आवडणाऱ्या माणसाशेजारी गुडघे टेकायची सवय लागते.

प्रभुभोजनाचं, उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसाचं, मात्र मला जड जातं. तुमच्याकडे लग्नाला येते, सगळे पुढे जातात आणि मी बाकावर बसून राहते. आमच्या नियमाप्रमाणे मी घेऊ शकत नाही, आणि तुमचे लोक आमच्याकडे आले की त्यांचंही तसंच. त्या पाच मिनिटांत फार परकं वाटतं. तरी मी नियम मोडत नाही.

शैलाआत्या: मार्गारेट, हे तू पहिल्यांदाच ग्रुपवर बोललीस. बरं केलंस. आम्ही उठून पुढे जातो आणि मागे कोण बसलंय हे बघतही नाही.

अनुग्रहा: आत्या, बाप्तिस्म्याचं काय? मला तेच जास्त टोचतंय. ब्रदर म्हणतात लहानपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, कारण तेव्हा विश्वास कुठे होता?

शैलाआत्या: त्यावर भल्याभल्यांचं शतकानुशतकं एकमत झालेलं नाही, मी काय निकाल देणार? पण आपल्याच चर्चचं सांगते, कारण आपल्याच लोकांना ते माहीत नसतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सीएनआय स्थापन झालं तेव्हा सहा चर्च एकत्र आले. त्यात अँग्लिकन होते, युनायटेड चर्चवाले होते, तसेच बाप्टिस्ट आणि ब्रेदरन पण होते. म्हणजे बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी कबुली दिल्यावर बुडवून देणारे, दोघंही. त्यांनी भांडत बसण्याऐवजी दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये ठेवल्या. बाळपणी बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण, किंवा बाळपणी नुसतं देवाला अर्पण आणि पुढे बाप्तिस्मा. पण बाप्तिस्मा एकदाच. सगळं गोड झालं असंही नाही. अमेरिकन मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, आणि १९८१ मध्ये त्यांचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया वेगळं उभं राहिलं.

तुझं दृढीकरण झालं तेव्हा तू सर्वांसमोर उभी राहून स्वतःच्या तोंडाने कबुली दिली होतीस. मी समोरच बसले होते. तो विश्वास नव्हता असं दुसऱ्या कोणी ठरवू नये, तूही दबावाखाली ठरवू नकोस. त्या फेलोशिपमध्ये गा, प्रार्थना कर, शिक. पण आधीचं सगळं खोटं होतं असं कबूल करूनच जिथे आत घेतात, तिथे नाव द्यायला मी तुला सांगणार नाही.

जोएल: आत्या, उत्तर देतो. पुण्यात माझ्याबद्दल सांगणारं कोणी नाही. पण मला चर्चचं राजकारण नको आहे. कमिटीची निवडणूक, जागेची भांडणं, कोर्टकचेऱ्या. लहानपणी बघितलंय. मी देवासाठी जातो, तिथे जाऊन मतं मोजत बसू का?

विजयकाका: त्याचं म्हणणं खोटं नाही.

शैलाआत्या: खोटं नाहीच. मीसुद्धा त्या बैठकांतून रडत घरी आले आहे. पण जोएल, चांगली माणसं वेगवेगळ्या चर्चमध्ये पाहुणी म्हणून फिरत राहिली, तर कमिटीवर कोण उरतं? ज्यांना भांडायला आवडतं तेच. पाहुण्याला कोणी जाब विचारत नाही, आणि पाहुणाही कोणाला विचारू शकत नाही. इब्री १३:१७ मध्ये पुढाऱ्यांबद्दल लिहिलंय की ते तुमच्या जिवांची राखण करतात, त्यांना हिशेब द्यायचा आहे. तू कोणाच्याच यादीत नसशील तर तुझा हिशेब कोण देणार?

आता डोळ्यांनी बघितलेलं सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या चर्चमधल्या एक वयस्कर बाई वारल्या. मुलगा परदेशात, घरात फक्त सून. रात्री निरोप आला. सकाळी सातला महिला मंडळाच्या बायका हजर. एकीने चहाचं पातेलं आणलं, एकीने सुनेला आंघोळीला पाठवलं, दोघींनी म्हातारीला साडी नेसवली. तरुण संघाची पोरं दफनभूमीत. काळी माती, पाऊस थांबेना, खड्ड्यात पाणी भरायचं, बादल्यांनी उपसायचे आणि परत खणायचे. दुपारी दोन वाजता कुठे पेटी खाली गेली. त्या पोरांमधले दोघं आदल्या महिन्यात बैठकीत एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. त्या दिवशी एकाच दोरीची दोन टोकं धरून उभे होते. सुंदर संदेश मोबाईलवर कुठूनही मिळेल जोएल. बादली घेऊन येणारी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांसोबत बसल्याशिवाय मिळत नाहीत.

विजयकाका: आई शेजारी बसलीये, मी सगळं वाचून दाखवलं. म्हणते, "आठे बी जाय, तठे बी जाय, पन खांदा देवाले कोन यी?"

मार्गारेट वहिनी: आजी 🙏

अनुग्रहा: हे पटलं आत्या. पण एक खरं सांगू? आपल्या चर्चमध्ये मला कोणी काही कामच देत नाही. फेलोशिपमध्ये दुसऱ्याच आठवड्याला विचारलं, लहान मुलांना गोष्ट सांगशील का? इथे इतकी वर्षं मी फक्त बसते आणि उठते. कापणीच्या सणाला केळीचे घड आणि भरताची वांगी लिलावासाठी मांडून ठेवायची, एवढंच.

शैलाआत्या: विजयदादा, हे ऐक. मुलगी बाहेर का गेली त्याचं खरं कारण हे आहे. बांधिलकी नुसती तिच्याकडून मागायची नाही. चर्चने तिला काय दिलं?

विजयकाका: ऐकलं. बरोबर आहे. शब्बाथ शाळेला, मुलांच्या रविवारच्या वर्गांना, दोन शिक्षिका कमीच आहेत, आणि आम्ही नुसते सूचना वाचून दाखवतो, कोणाला जाऊन विचारत नाही.

जोएल: पण आत्या, उद्या तिची बदली झाली तर? किंवा चर्चमध्ये खरंच चुकीचं चाललं असेल, पैशाचा घोळ, कोणाला त्रास? तरी तिथेच राहायचं?

शैलाआत्या: नाही. जिथे माणसाला त्रास होतो आणि विचारलं तर गप्प करतात, तिथून निघावं. निघताना दोन माणसांना कारण सांगून निघावं, म्हणजे मागे राहिलेल्यांना कळतं. आणि बदली झाली तर पाळकसाहेबांचं पत्र घ्यावं. बाबांच्या वेळच्या नोंदवहीत मी बघितलंय, नावापुढे लाल शाईने शेरा असायचा, "बदलून मनमाडास, पत्र दिले." गेलेला माणूस हरवला नाही, पुढच्या मंडळीच्या हाती दिला. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्न लावायचं झालं तरी पाळकसाहेब विचारतात, तुम्ही कुठले? तेव्हा अनेकांची धावपळ होते. पण नाव टाकायचं ते फक्त दाखल्यासाठी नव्हे.

तू कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण देशील म्हणून आधीच सांगते. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले सगळे ख्रिस्तशिष्य एकत्र. मला ती कल्पना अजून भारावून टाकते. पण तोही दरबारच होता, जमणारी, एकमेकांना भाऊ म्हणणारी माणसं. १९१९ मध्ये ते गेले, काम अर्धं राहिलं. चर्च अपुरं वाटलं म्हणून ते एकटे फिरत राहिले नाहीत.

जोएल: टिळकांचंच लिहीत होतो, पुसलं. ठीक आहे आत्या. माझ्या रूमजवळ एक मराठी उपासना होते, पंचवीस-तीस लोक असतील. गाणं फार चांगलं नसतं. सहा महिने तिथेच जाऊन बघतो.

शैलाआत्या: जा. पेटी वाजवतोस ना? त्यांना सांग.

विजयकाका: अनुग्रहा, येत्या रविवारी पास्टोरेट कमिटीची बैठक आहे. ड्यूटीवाल्यांसाठी महिन्यातून दोन रविवारी संध्याकाळची उपासना ठेवावी असा विषय मी मांडतो. रेल्वेवाले, हॉस्पिटलवाले बरेच आहेत, तू एकटी नाहीस. कुजबुज करणाऱ्यांशीही बोलतो, ते माझ्यावर सोड.

अनुग्रहा: चालेल काका. ब्रदरांना मी स्वतः भेटून सांगते की बाप्तिस्मा परत घेणार नाही, नाव आहे तिथेच राहील. बुधवारच्या प्रार्थनेला येऊ दिलं तर येईन. शब्बाथ शाळेचा वर्ग मला द्या, पण लहान मुलांचाच, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दुसरं कोणीतरी बघा.

मार्गारेट वहिनी: रात्रपाळीच्या आठवड्यात माझ्या नणंदेला विचारा, ती भुसावळलाच आहे आणि तिलाही कोणी कधी विचारलेलं नाही.