चॅझुबल की काळा झगा : ल्यूथरन उपासनेतील वस्त्रांविषयी

उत्तरवारा (मूळ लेख)

गेल्या उन्हाळ्यात माझे मामा नगरहून आमच्याकडे स्वीडनला आले होते आणि रविवारी मी त्यांना आमच्या मंडळीच्या उपासनेला घेऊन गेलो. पाळकबाई पांढऱ्या पायघोळ झग्यावर हिरवे चॅझुबल घालून वेदीपाशी उभ्या राहिल्या, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे स्तवन गायले गेले, मग सर्वांनी वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून प्रभुभोजन घेतले. बाहेर पडल्यावर मामांनी हळू आवाजात विचारले, “तू कॅथलिक कधी झालास?” त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. त्यांचा जन्म अमेरिकन मराठी मिशनने घडवलेल्या मंडळीत झाला. तिथे पाळक साध्या कपड्यांत प्रवचन करीत आणि वेदीऐवजी मेज असे. तेव्हापासून हा विषय मनात घोळत आहे म्हणून लिहितो.

चॅझुबल म्हणजे डोक्यातून घालून अंगावर सोडायचे, बाह्या नसलेले सर्वांत वरचे वस्त्र. त्याच्या पाठीवर बहुधा क्रूस भरलेला असतो, आणि रंग उपासनेच्या वर्षाप्रमाणे बदलतो : आगमनकाळात व उपवासकाळात जांभळा, नाताळ व पुनरुत्थानाच्या सणात पांढरा, पेंटेकॉस्टला लाल, उरलेल्या दीर्घ काळात हिरवा. आपल्याकडे बहुतेकांना हा पोशाख फक्त कॅथलिक मिस्सातून, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेतून, माहीत असल्यामुळे तो दिसला की रोम दिसते. माझे म्हणणे असे आहे की ही ओळख इतिहासाच्या दृष्टीने चुकीची आहे, आणि ती चूक दुरुस्त केल्याशिवाय ल्यूथरन उपासना समजतच नाही.

१५२१ च्या नाताळात ल्यूथरन परंपरेचा मूळ पुरुष मार्टिन ल्यूथर जर्मनीतील वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला होता, तेव्हा विटेनबर्गमध्ये त्याचा सहकारी कार्लश्टाट याने पुरोहिताची वस्त्रे न घालता प्रभुभोजनाचा विधी केला. त्यानंतर शहरात मूर्ती फोडण्याचे प्रकार सुरू झाले. मार्च १५२२ मध्ये ल्यूथर परतला आणि लागोपाठ आठ दिवस प्रवचने देऊन त्याने ही घाई थांबवली. बाह्य गोष्टी मोडून टाकण्याची सक्ती हा त्या पाळण्याच्या सक्तीइतकाच जुलूम आहे, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. १५२३ च्या लॅटिन उपासनाक्रमात त्याने वस्त्रांची मोकळीक ठेवली, फक्त त्यात थाटमाट व श्रीमंतीचे प्रदर्शन नसावे एवढी अट घातली. १५२६ च्या जर्मन मिस्सातही वस्त्रे, वेदी आणि मेणबत्त्या तशाच राहू दिल्या. १५३० च्या ऑग्सबुर्ग कबुलीजबाबाचे, म्हणजे ल्यूथरनांच्या श्रद्धापत्राचे, चोविसावे कलम तर स्पष्ट सांगते की आम्ही मिस्सा रद्द केल्याचा आरोप खोटा आहे, तो आमच्याकडे अत्यंत आदराने होतो आणि नेहमीचे बहुतेक विधी आम्ही राखले आहेत.

हे झुरिखशी ताडून पाहावे. तिथे धर्मसुधारक झ्विंगलीच्या नेतृत्वाखाली १५२४ मध्ये चर्चमधील चित्रे व मूर्ती हलवण्यात आल्या आणि १५२५ मध्ये मिस्सा बंद झाला. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ज्याची आज्ञा नाही ते उपासनेत नको, हा त्या परंपरेचा नियम आहे. शास्त्रात ज्याची मनाई नाही आणि जे सुवार्तेच्या आड येत नाही ते राहू शकते, हा ल्यूथरन परंपरेचा. चॅझुबल आणि काळा झगा यांतील फरक या दोन नियमांतून निघतो.

मग जर्मनीत आज पाळक बहुधा काळ्या झग्यात का दिसतो? कारण सुवार्तेत नाही, दरबारात आहे. १७३० च्या दशकात प्रशिया या जर्मन राज्याच्या सुधारित पंथीय, म्हणजे झुरिखसारख्या परंपरेतील, राजाने, पहिल्या फ्रेडरिक विल्यमने, ल्यूथरन चर्चमधील चॅझुबल व वेदीवरच्या मेणबत्त्या बंद करण्याचे हुकूम काढले. १७४० मध्ये त्याच्या मुलाने मोकळीक दिली, पण अनेक मंडळ्यांतून ही वस्त्रे परत आली नाहीत. पुढे १८११ मध्ये तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमने ‘तालार’ हा काळा झगा सरकारी आज्ञेने ठरवून दिला, आणि तो पाळकांबरोबर न्यायाधीशांना व यहुदी रब्बींनाही लागू होता. ज्या देशांत असा हुकूम झाला नाही तिथे वस्त्रे टिकली. स्वीडनमध्ये चॅझुबल कधी पूर्णपणे गेलेच नाही. डेन्मार्कमध्ये पाळक काळा झगा आणि गळ्याभोवती चुण्यांची पांढरी गोल कॉलर घालून प्रवचन करतो व वेदीपाशी जाताना त्यावर लाल मखमली चॅझुबल चढवतो. मला तर त्या एका पोशाखात सगळा ल्यूथरन इतिहास दिसतो : व्यासपीठावर विद्वान, वेदीवर सेवक.

म्हणून माझे मत असे की चॅझुबल हे ल्यूथरन उपासनेचे हक्काचे वस्त्र आहे आणि त्याला उसने म्हणणे अन्यायाचे आहे. वेगळे मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

साधावेष

आपण इतिहास काळजीपूर्वक मांडला आहे, पण निवडूनही मांडला आहे. ऑक्टोबर १५२४ मध्ये ल्यूथरने स्वतः संन्याशाचा झगा कायमचा उतरवला आणि त्यानंतर तो विद्यापीठातील अध्यापकाच्या काळ्या अंगरख्यात प्रवचन करू लागला. विटेनबर्गच्या शहर चर्चमधील चित्रकार क्रानाखच्या वेदीचित्रात, जे १५४७ मध्ये बसवले गेले, तो तसाच काळ्या वस्त्रात व्यासपीठावर उभा आहे आणि त्याचे बोट क्रुसावरील ख्रिस्ताकडे आहे. काळा झगा राजाने शोधून काढला नाही. राजाने फक्त रूढ असलेली गोष्ट सक्तीची केली.

वस्त्राचा उगम काढून त्याचा निकाल लावायचा तर चॅझुबलचेही तेच होईल. ते रोमन नागरिकांचे प्रवासातील घोंगडीवजा बाह्यवस्त्र होते. लोकांनी ते वापरायचे सोडले आणि पुरोहितांनी ठेवले, एवढ्यानेच ते पवित्र झाले. मग दोष कोणत्या बाजूला द्यायचा?

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. इंग्लंडमध्ये १५५० साली जॉन हूपर यांची ग्लॉस्टरचे बिशप म्हणून निवड झाली, तेव्हा त्यांनी ठरलेली वस्त्रे घालण्यास नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. शेवटी १५५१ मध्ये त्यांना तडजोड करावी लागली. आज हे हट्टाचे वाटेल. परंतु त्यांना दिसत होते ते असे की सामान्य माणूस धर्मशास्त्राचा ग्रंथ वाचत नाही, तो डोळ्यांनी वाचतो. त्याच्यासमोर कालचाच पोशाख, कालचीच वेदी आणि कालचेच गुडघे टेकणे असेल, तर मध्यस्थ पुरोहित गेला आणि सर्व विश्वासणारे याजक झाले हे त्याला कोणत्या खुणेने कळावे? आपल्या मामांनी जो प्रश्न विचारला तो अज्ञानातून आला नाही. त्यांनी डोळ्यांना दिसले ते अचूक वाचले.

उत्तरवारा

क्रानाखच्या चित्राबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, मात्र ते प्रवचनाचे चित्र आहे. त्याच विटेनबर्गमध्ये वेदीवरच्या सेवेत चॅझुबल चालू होते, आणि भाकर व प्याला उंचावून दाखवण्याची प्रथा तर १५४२ पर्यंत होती. दोन पोशाख दोन सेवांचे होते, हेच माझे म्हणणे आहे.

डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाबद्दल मात्र मला उलट वाटते. विटेनबर्गच्या शेतकऱ्याला कालचीच वस्त्रे दिसली, पण कानांवर पहिल्यांदा जर्मन शब्द पडले, हातात पहिल्यांदा प्याला आला आणि स्तोत्र तो स्वतः गाऊ लागला. काय बदलले हे त्याला नेमके कळले, कारण जे बदलण्याची गरज नव्हती ते जागेवर होते. सगळेच एकदम बदलले असते तर मुद्द्याची गोष्ट कोणती, हे त्याने कसे ओळखावे? जर्मन संगीतकार बाखने लायप्झिगमध्ये ज्या उपासनेसाठी दर आठवड्याला संगीत रचले, तीही चॅझुबल आणि काही लॅटिन भाग राखलेली उपासना होती. तिथल्या लोकांना आपण रोमचे आहोत असे वाटत नव्हते.

वसईकर

मी कॅथलिक आहे आणि या चर्चेत थोडा बाहेरचा आहे, तरी ज्या वस्त्राबद्दल वाद चालू आहे ते आमच्या वेदीवर रोज दिसते म्हणून लिहितो.

मूळ लेखकाने मिस्सा ‘राखला’ असा शब्द वापरला आहे. ल्यूथरने मिस्सातील अर्पणाच्या प्रार्थना काढून टाकल्या, कारण मिस्सा हे देवाला केलेले अर्पण आहे ही कल्पनाच त्याला अमान्य होती. आमच्या दृष्टीने तो भाग मिस्साचे हृदय आहे. फादर चॅझुबल घालतात ते शोभेसाठी नव्हे. त्या वेळी ते ख्रिस्ताच्या नावाने अर्पण करतात आणि त्यांचे व्यक्तिमत्त्व त्या वस्त्राखाली झाकले जावे असा त्यामागचा भाव आहे. अर्पण नाकारून अर्पणाचे वस्त्र ठेवणे मला समजू शकत नाही. साधावेष यांची भूमिका मला मान्य नाही, पण ती सुसंगत वाटते : त्यांनी अर्पण नाकारले आणि वस्त्रही नाकारले.

दुसरीकडे मी हेही कबूल करतो की ल्यूथरने १५२६ मध्ये लोकभाषेत जे केले ते आमच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या निर्णयानंतर आले. माझ्या आजीने आयुष्याचा मोठा भाग लॅटिन मिस्सा ऐकण्यात घालवला आणि उतारवयात तो मराठीत ऐकून ती रडली, असे घरात सांगतात. वस्त्रांबाबतही आम्ही दगडासारखे उभे राहिलो नाही. १९६९ मध्ये भारतासाठी मान्य झालेल्या बारा बदलांमध्ये नेहमीच्या पोशाखाऐवजी साधा अंगरखा आणि अंगवस्त्र वापरण्याची परवानगी होती. भाव टिकवून रूप बदलता येते. आपल्याकडे मला रूप टिकलेले दिसते. भाव कोणता, ते कृपया सांगावे.

उत्तरवारा

हा या धाग्यातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. ल्यूथरन समजुतीप्रमाणे वेदीवर हालचाल वरून खाली होते : देव देतो, आपण घेतो. ख्रिस्ताचे शरीर व रक्त भाकरीत आणि द्राक्षारसात खरोखर दिले जाते, हे ल्यूथरने १५२९ मध्ये मारबुर्ग येथे झ्विंगलीसमोर अखेरपर्यंत सोडले नाही, आणि त्या एका मुद्द्यावर दोघांची एकी फिसकटली. देणारा ख्रिस्त आहे, पाळक केवळ त्याचा हात आहे. त्या हाताचा माणूस झाकला जावा, हा आपण सांगितलेला भाव आम्हांलाही जसाच्या तसा लागू पडतो. फक्त दिशा वेगळी आहे. जिथे भाकर ही केवळ आठवण मानली जाते तिथे साधा कोट पुरतो, हे मी समजू शकतो. जिथे प्रभू स्वतः उपस्थित आहे असे मानले जाते तिथे सणाचे वस्त्र स्वाभाविक आहे.

चौकातला

थोडक्यात एक भर घालतो. आमचे कुटुंब मुक्तिफौजेतले (साल्व्हेशन आर्मी) आहे. आमच्याकडे बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजनाचा विधी नाही, वेदी नाही, चॅझुबलचा तर प्रश्नच नाही, आणि तरीही आमचा गणवेश लांबून ओळखू येतो. १८८२ मध्ये फ्रेडरिक टकर मुंबईत उतरले आणि त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी येथील लोकांसारखा पोशाख स्वीकारला, कारण साहेबी कपडे लोकांना दूर ठेवत होते. ज्यांनी सर्व विधी सोडले त्यांनाही वस्त्राचा विचार सोडता आला नाही. म्हणून ‘वस्त्र असावे की नसावे’ असा प्रश्न करू नये, ते समोरच्याला जवळ आणते का हे विचारावे.

साधावेष

चौकातला यांनी जो प्रश्न पुढे ठेवला, तोच धरून मी मूळ लेखकाला त्यांच्याच परंपरेतील एक माणूस आठवून देतो. १५४८ मध्ये कॅथलिक सम्राटाच्या दबावाखाली जर्मनीतील सॅक्सनीमध्ये तडजोडीचा मसुदा तयार झाला आणि काही जुने विधी व सरप्लिस हा सैल पांढरा झगा पुन्हा आणावा असे ठरू लागले. ल्यूथरचा सहकारी मेलांख्थॉन याचे मत पडले की या गोष्टी ‘अदियाफोरा’ आहेत, म्हणजे देवाने त्यांची आज्ञाही केली नाही आणि मनाईही नाही, तेव्हा मान तुकवावी. माथियास फ्लासियसने विरोध केला. श्रद्धेची कबुली देण्याची वेळ येते तेव्हा काहीही अदियाफोरा राहत नाही, असे त्याने म्हटले, आणि १५७७ च्या ऐक्यसूत्र या ल्यूथरन श्रद्धापत्राच्या दहाव्या कलमाने तत्त्वतः तोच विचार स्वीकारला. म्हणजे ल्यूथरन मंडळीदेखील योग्य वेळी वस्त्र नाकारते.

आता नगरकडे या. आमच्या पणजोबांच्या पिढीत बाप्तिस्मा घेतलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. देवळाच्या पायरीबाहेर उभे राहणे त्यांनी अनुभवले होते. पूजा करणारा वेगळा, त्याचे सोवळे वेगळे, त्याची जागा वेगळी आणि आपण दूर, हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. त्यांच्यासमोर त्यांच्याच वस्तीतला पाळक धोतर-कोटात उभा राहिला, कठडा नसलेल्या मेजावरची भाकर त्याने हातोहात पुढे दिली आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग सर्वांनी एका सुरात गायले, तेव्हा तो साधेपणा हीच त्यांची श्रद्धेची कबुली होती. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या आणि आज पुष्कळ पाळक पांढरा झगा व स्टोल, म्हणजे गळ्यातून सोडायची लांब पट्टी, घालतात. मी त्याला विरोध करीत नाही. परंतु माझ्या आईने पहिल्यांदा तो झगा पाहिला तेव्हा ती मागच्या बाकावर जाऊन बसली होती, हे मी विसरलेलो नाही.

उत्तरवारा

आपल्या आईंबद्दल वाचून मी बराच वेळ थांबलो. मामाही त्या रविवारी मागच्याच बाकावर बसले होते. मला वाटले होते की परकी भाषा असल्यामुळे बसले असतील.

फ्लासियसचा आधार आपण योग्य ठिकाणी घेतला आहे आणि नगरच्या मंडळीने साधा वेष सोडू नये, एवढे मी आपल्याबरोबर मानतो. ऑग्सबुर्ग कबुलीजबाबाचे सातवे कलमही सांगते की मानवी रूढी सर्वत्र सारख्या असण्याची गरज नाही. मात्र त्याच कलमाने स्वीडनमधील हिरव्या चॅझुबललाही संरक्षण मिळते. ते घालणाऱ्या आमच्या पाळकबाई प्रभुभोजनानंतर मामांपाशी येऊन बसल्या आणि दुभाषा म्हणून मी मधे असताना त्यांनी नगरच्या मंडळीबद्दल अर्धा तास विचारले. झगा त्यांनी तोवर काढलेला नव्हता. पुढच्या पत्रात मी मामांना विचारणार आहे की त्या अर्ध्या तासात त्यांना त्या जवळ वाटल्या की दूर. त्यांचे उत्तर काहीही आले तरी येथे लिहीन.