मदत हवी आहे: बटणाच्या फोनची ट्रान्समिट पॉवर मोजतोय, दोन यंत्रं दोन आकडे दाखवतात

सोल्डर_माणदेशी (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. माण तालुक्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, १२ वर्षं झाली. आमच्याकडे बटणाचे टूजी फोन अजून भरपूर चालतात. मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा घेऊन बाहेर पडतात, चार्जिंग मिळेल तेव्हा मिळेल, त्यामुळे आठवडाभर बॅटरी टिकणारा फोनच त्यांच्या कामाचा.

असाच एका मेंढपाळ मामांचा फोन आलाय. तक्रार अशी की रेंजच्या काड्या तीन दिसतात, समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो, पण यांचा आवाज पलीकडे तुटतो आणि माळावर गेलं की फोन कट होतो. ऐकू येतंय म्हणजे रिसीव्ह ठीक, ट्रान्समिट मार खातंय असं धरून मी पीए (सिग्नलला जोर देणारी पॉवर ॲम्प्लिफायरची चिप) बदलला. फरक नाही. दुसरा घातला. तरी नाही.

अंदाजाने आयसी बदलत बसण्यापेक्षा मोजूनच बघू म्हणून मागच्या वर्षी घेतलेला जुना सीएमयू २०० (टॉवरसारखं वागून फोन तपासणारा टेस्टर) काढला. टेस्ट सिम घातलं, फोनच्या बोर्डावरच्या आरएफ (रेडिओ सिग्नलच्या) टेस्ट सॉकेटला पिगटेल (बारीक छोटी केबल) लावली, मध्ये २० डीबीचा डायरेक्शनल कपलर (सिग्नलचा शंभरावा हिस्सा बाजूच्या पोर्टला देणारा), तिथून केबल टेस्टरच्या आरएफ २ पोर्टला. चॅनेल ६२, म्हणजे फोन ९०२.४ मेगाहर्ट्झवर बोलतो. कॉल लागला, पॉवर लेव्हल ५, म्हणजे या बँडवरची सगळ्यात जास्त, मागितली. यायला हवेत ३३ डीबीएम (१ मिलीवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर, १० डीबी म्हणजे दहापट), टेस्टर दाखवतो २९.८.

खात्रीसाठी कपलरच्या बाजूच्या पोर्टला पॉवर मीटर लावला, थर्मल सेन्सरवाला. तो दाखवतो ०.७ डीबीएम. त्यात कपलरचे २० मिळवले तर २०.७, म्हणजे जेमतेम ११७ मिलीवॅट! टेस्टर म्हणतो जवळजवळ १ वॅट. हवेत २ वॅट. विश्वास कुणावर ठेवू? मामांना पुढच्या आठवड्यात निघायचंय. ते लांब गेले की घरच्यांशी बोलायचं साधन हा एकच फोन, म्हणून जीव लावून विचारतोय.

डेसिबल_काका:

दोन्ही यंत्रं खरं बोलतायत. ती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढंच.

जीएसएम, म्हणजे टूजी फोन सतत बोलत नाही. ४.६१५ मिलिसेकंदांच्या फ्रेमचे आठ भाग असतात आणि त्यातला एकच तुमच्या फोनच्या वाट्याला येतो, सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात तो पूर्ण जोराने बोलतो आणि उरलेले सात भाग गप्प बसतो. पूर्वी रेडिओजवळ मोबाइल ठेवला की फोन वाजायच्या आधी स्पीकरमधून टरर्र टरर्र ऐकू यायचं, ते हेच. सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद.

टेस्टर फक्त त्या बर्स्टच्या, म्हणजे बोलण्याच्या त्या झटक्याच्या आतली पॉवर मोजतो. थर्मल सेन्सर तापतो आणि सगळ्या वेळाची सरासरी सांगतो. आठातला एक भाग म्हणजे ९.०३ डीबी. तुमच्या २०.७ मध्ये ९ मिळवा, २९.७ झाले. टेस्टरचे २९.८. यापेक्षा चांगला मेळ दुकानात बसायचा नाही.

तेव्हा प्रश्न ३३ ऐवजी ३० का, एवढाच उरतो. पॉवर क्लास ४ च्या (२ वॅटवाल्या) फोनला ९०० बँडवर ३३ डीबीएम, अधिक-उणे २ डीबी अशी मुभा असते. २९.८ त्याच्या खाली आहे. पण घाई नको. पिगटेल आणि केबल किती खातात ते टेस्टरच्या एक्स्टर्नल अटेन्युएशनमध्ये भरलंय का? आणि एकाच लेव्हलचा आकडा देऊ नका, सगळ्या लेव्हल्सचे द्या.

सोल्डर_माणदेशी:

काका, मनापासून आभार. ९ डीबीचं कोडं दोन दिवस छळत होतं. अटेन्युएशनमध्ये शून्यच होतं, ते माझं राहिलं. लेव्हल्स घेतल्या. आधी यायला हवा तो आकडा, मग आलेला:

लेव्हल ५: ३३, आले २९.८
लेव्हल ६: ३१, आले २९.२
लेव्हल ७: २९, आले २७.९
लेव्हल ८: २७, आले २६.१
लेव्हल १०: २३, आले २२.१
लेव्हल १२: १९, आले १८.१

नेरुळकर_आरएफ:

मी एका चाचणी प्रयोगशाळेत हेच काम करते. तुमच्या आकड्यांमध्ये उत्तर आहे, नीट बघा.

खालच्या तिन्ही लेव्हल्सना तूट नेमकी ०.९ आहे. पॉवर कितीही मागा, तूट तेवढीच, म्हणजे ती केबल, पिगटेल आणि कपलरची. आरजी ३१६ केबल ९०० मेगाहर्ट्झला मीटरमागे ०.८ ते ०.९ डीबी खाते, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. पण वर चढलात की तूट वाढत जाते: लेव्हल ७ ला १.१, ६ ला १.८, ५ ला ३.२. केबल असं वागत नाही. फोनला जोर लावायची वेळ आली की त्याचा दम कमी पडतोय.

दम कमी पडायची दोन कारणं असतात, पीए खराब किंवा पीएला वीज पुरत नाही. तुम्ही पीए दोनदा बदललाय, म्हणून विचारते: मोजताना फोन बॅटरीवर होता की बेंचच्या पॉवर सप्लायवर? वायर कुठली होती?

सोल्डर_माणदेशी:

सप्लायवर, ३.७ व्होल्ट. टोकाला क्लिप असलेल्या नेहमीच्या लाल-काळ्या वायरी, मीटरभर लांब. सप्लायवर करंट ०.३ अँपिअर दिसतो, त्यामुळे काळजीचं काही वाटलं नाही.

नेरुळकर_आरएफ:

तो ०.३ पण सरासरीच आहे. पॉवर मीटरने जे केलं तेच सप्लायचा डिस्प्ले करतोय. बर्स्टच्या त्या ५७७ मायक्रोसेकंदांत फोन २ अँपिअरच्या आसपास ओढतो. बारीक वायर, क्लिपा, सांधे मिळून पाव ओहम सहज होतो, म्हणजे अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. फोनच्या बॅटरी पिनवर, अगदी पिनवर, ऑसिलोस्कोप लावा आणि बघा.

शिवाय टेस्टरवर पॉवर आणि वेळेचा आलेख उघडा. चांगल्या फोनच्या बर्स्टचा माथा सपाट असतो, पत्र्याच्या शेडच्या आढ्यासारखा. वीज कमी पडत असेल तर तो एका बाजूला उतरलेला दिसेल.

कुणी सांगेल कपॅसिटर लावा. लावा, पण हिशेबाने. २ अँपिअर गुणिले ५७७ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे १.१५ मिलिकूलंब. सगळा भार १००० मायक्रोफॅरडवर टाकला तर व्होल्टेज १ व्होल्टहून जास्त पडेल. ४७०० लावला तरी पाव व्होल्ट. आधी वायर जाड आणि आखूड करा, कपॅसिटर त्यानंतर. सगळ्यात सरळ म्हणजे चांगली चार्ज केलेली मूळ बॅटरी लावून मोजा.

ई_टीसी_शेवटचं_वर्ष:

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या प्रोजेक्टला फोरजी फोनची पॉवर मोजायची आहे आणि कॉलेजात फक्त स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) आहे. तिथेही हे ९ डीबी मिळवायचे का?

डेसिबल_काका:

नाही, ते ९ डीबी फक्त जीएसएमच्या एका स्लॉटचे, म्हणजे आठातल्या एका भागाचे. फोरजीत नेहमीच्या फोनची कमाल पॉवर २३ डीबीएम, अधिक-उणे २. एफडीडी बँडवर (बोलायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी) फोन सलग बोलत असेल तर सरासरीत काहीच मिळवायचं नाही. टीडीडी (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने), म्हणजे बँड ४० वगैरे असेल तर अपलिंकच्या (फोनकडून टॉवरकडे) वाट्याला जितका वेळ आहे त्याचा हिशेब धरावा लागतो. ॲनालायझरवर मार्कर शिखरावर ठेवून आकडा वाचू नकोस. सिग्नल कित्येक मेगाहर्ट्झभर पसरलेला असतो आणि तुझ्या फिल्टरला त्याची एक चिरीच दिसते. चॅनेल पॉवर मोजणी (पूर्ण पसरलेल्या सिग्नलची बेरीज) आणि आरएमएस (खरी सरासरी पॉवर देणारा) डिटेक्टर वापर.

आणि बाई, फोन आणि ॲनालायझर यांच्यामध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा पार्ट) असल्याशिवाय केबल जोडू नकोस. बहुतेक ॲनालायझरच्या इनपुटवर ३० डीबीएम कमाल असं छापलेलं असतं, आणि जीएसएम फोन ३३ देतो. मी काम करायचो तिथे एका मुलाने घाईत थेट जोडलं होतं. इनपुटचा मिक्सर गेला आणि यंत्र चार महिने दुरुस्तीला होतं. त्या पोराचा चेहरा अजून आठवतो.

आणखी एक. टेस्ट सॉकेटला केबल लावली की फोनचा स्वतःचा अँटेना सुटतो. त्याला टॉवर दिसत नाही, आणि टॉवरने सांगितल्याशिवाय फोन बोलत नाही. त्यामुळे नुसत्या ॲनालायझरवर तुला कोरी रेघ दिसेल. टॉवरचं काम करणारा टेस्टर लागतोच, आणि तोही केबलने किंवा बंद शिल्डबॉक्समध्ये (सिग्नल आतबाहेर जाऊ न देणारी पेटी). उघड्या अँटेनावर खोटा टॉवर चालवणं बेकायदा आहे, शिवाय आसपासच्या लोकांचे फोन त्याला चिकटतात. त्यात एखाद्याचा तातडीचा कॉल अडू शकतो.

सोल्डर_माणदेशी:

मंडळी, बघितलं. शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या मित्राचा स्कोप आणला. नेरुळकर ताई, तुम्ही म्हणालात तसंच. सप्लायवर ३.७, फोनच्या पिनवर प्रत्येक बर्स्टला ३.१. दर ४.६ मिलिसेकंदांनी खड्डा, एकसारखा, करवतीच्या दात्यांसारखा. आणि टेस्टरवर बर्स्टचा माथा डावीकडून उजवीकडे उतरता.

वायरी काढल्या, मूळ बॅटरी लावली. पिगटेलची तूट मोजायला तशीच दुसरी पिगटेल घेतली, दोन्हींची फोनकडची टोकं एकमेकांना सोल्डर केली, मित्राच्या नॅनोव्हीएनएवर (केबलची तूट मोजणारं छोटं यंत्र) ९०२ मेगाहर्ट्झला तूट बघितली आणि निम्मी केली. त्यात टेस्टरकडची केबल आणि कपलर धरून ०.९ च आले. ते टेस्टरमध्ये भरले. आता:

लेव्हल ५: ३२.७
लेव्हल ६: ३०.९
लेव्हल ७: २९.०

माथा सपाट. चॅनेल १ आणि १२४ वर पण ३२.५ च्या वर. म्हणजे पीए चांगला आहे. पहिलाही चांगलाच असणार, तो मी विनाकारण काढला.

पण मंडळी, मामांची तक्रार आहे तिथेच आहे! त्यांच्याकडे तर फोन बॅटरीवरच चालतो. दुकानामागच्या टेकडावर जाऊन घरी फोन लावला, माझा आवाज तुटत होता. मग आता शोधायचं कुठे?

डेसिबल_काका:

आता खरी जागा सापडेल. टेस्ट सॉकेटचा अर्थ लक्षात घ्या. त्यात बारीक स्विच असतो. केबल खोचली की वाट केबलकडे वळते, काढली की अँटेनाकडे. म्हणजे तुम्ही सॉकेटपर्यंतचं सगळं तपासलंत, आणि त्याच्या पुढचं काहीच तपासलं नाही. तो स्विच, पुढचे एक-दोन बारीक पार्ट, अँटेनाची पत्ती आणि अँटेना, हे सगळं तुमच्या मोजणीच्या बाहेर राहिलं.

मग ऐकायला बरं का येतं, असं वाटेल. टॉवरकडे वॅट भरपूर असतात. अँटेनाने ६-७ डीबी खाल्ले तरी गावाजवळ काड्या दिसत राहतात. फोनकडे मात्र २ वॅटच, त्याला तेवढं खाल्लेलं परवडत नाही. काड्या टॉवरचा आवाज मोजतात, तुमचा आवाज टॉवरला किती पोचला ते त्या सांगत नाहीत.

शिल्डबॉक्स आणि आत अँटेना कपलर (ज्यावर फोन ठेवून हवेतून सिग्नल घेतात तो) असेल तर त्याच मॉडेलचा एक चांगला फोन घ्या. दोन्ही फोन एकाच जागी, एकाच बाजूने ठेवून लेव्हल ५ ला वाचा. खरा आकडा किती याच्या मागे लागू नका, हवेतून मोजताना जागा बोटभर सरकली तरी आकडा बदलतो. फक्त दोघांतला फरक बघा.

सोल्डर_माणदेशी:

शिल्डबॉक्स टेस्टरसोबतच आला होता, धूळ खात पडला होता. अँटेना कपलरवर पेन्सिलने फोनची चौकट आखून घेतली, म्हणजे जागा हलणार नाही. चांगला फोन: १४.२. मामांचा: ७.१. सात डीबी! सॉकेटला दोघेही सारखे आणि हवेत एवढा फरक.

मागचं कव्हर काढून भिंगाखाली धरलं. अँटेनाला टेकणाऱ्या दोन पितळी पत्त्या आहेत. त्यातल्या एकीच्या टोकावर हिरवट थर आणि ती दबून बसलेली, अँटेनाच्या पॅडला नुसती शिवत होती. पावसात फोन कमरेच्या पिशवीत भिजला असणार. एवढे दिवस मी बोर्डाकडे बघत होतो, कव्हरच्या आतल्या बाजूकडे एकदाही बघितलं नाही.

आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुतलं, फायबरच्या ब्रशने पत्ती आणि पॅड दोन्ही घासले, पत्ती चिमट्याने अर्धा मिलिमीटर उचलली. परत त्याच चौकटीत ठेवला: १३.५. काढून पुन्हा ठेवला: १३.३. दुसऱ्या दिवशी सकाळी परत: १३.५.

संध्याकाळी मामा आले. मी सांगितलं, टेकडावर जाऊन बोलून बघा आणि मगच पैसे द्या. ते वर गेले, घरी लावला, आठ-दहा मिनिटं बोलले. खाली आल्यावर म्हणाले, "धाकटी म्हणली, आज शेजारी बसून बोलताय जणू." पैसे मी पत्ती घासल्याचेच घेतले, पीएचे नाही.

काका, ताई, दोघांचेही उपकार आहेत. एक शेवटचं विचारतो: १८०० बँडला पण हीच पिगटेल वापरली तर तूट वेगळी भरावी लागेल ना?

नेरुळकर_आरएफ:

हो, वेगळीच भरा. १८०० ला तीच केबल जवळजवळ दीडपट खाते. नॅनोव्हीएनए ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा असेल तर १७४७ मेगाहर्ट्झच्या आसपास मोजा, आणि लक्षात ठेवा, त्या बँडला कमाल ३० डीबीएम असते आणि ती लेव्हल ० ला मिळते, ५ ला नाही. मामांना नमस्कार सांगा.