विषय: पुन्हा: नाताळच्या सुट्टीतील रोटोरुआ सहल, ज्येष्ठांसह

प्रेषक: एक सभासद, ऑकलंड

सर्वांना सस्नेह नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत आम्ही ऑकलंडहून मोटारीने इथल्याच, न्यूझीलंडमधील वायटोमो, रोटोरुआ आणि टाऊपो अशी चार दिवसांची सहल योजत आहोत. सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा, तेरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी असतील. मुलाने राफ्टिंगचा, म्हणजे रबरी नावेतून खळाळत्या नदीत जाण्याचा, हट्ट धरला आहे, तर आईचे गुडघे दुखत असल्याने तिला पायऱ्या फारशा झेपत नाहीत. दररोज नव्या गावी मुक्काम करावा की एकाच ठिकाणी राहावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

प्रेषक: एक सभासद, टाउरंगा

वहिनी, नमस्कार.

मुक्काम रोटोरुआतच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज सामान बांधण्यात आणि खोलीच्या किल्ल्यांची देवाणघेवाण करण्यात अर्धी सकाळ जाते आणि त्याचा त्रास सर्वांत जास्त आई-बाबांनाच होतो. तेथील गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे येणाऱ्या गंधकाच्या वासाची मात्र त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा.

दिवसाची आखणी ठरलेल्या वेळेच्या गोष्टीभोवती करावी. रोटोरुआच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या वाय-ओ-टापू येथील लेडी नॉक्स हा उष्णोदकाचा फवारा रोज सकाळी सव्वादहाला उडवला जातो. 'उडवला जातो' असे म्हणण्याचे कारण म्हणजे मार्गदर्शक त्याच्या तोंडात साबण टाकतो. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन वरचे थंड आणि खालचे अतिउष्ण पाणी एकमेकांत मिसळते, प्रथम तोंडाशी नुसता फेस ओघळू लागतो आणि मग पाण्याचा स्तंभ उसळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कपडे धुणाऱ्या कैद्यांच्या हे प्रथम लक्षात आले, असे सांगतात. समोर बसायला बाके असल्याने आईंना उभे राहावे लागणार नाही. तेथून पुढे टाऊपोच्या वाटेवर हुका धबधबा लागतो. सुमारे १०० मीटर रुंद असलेली वायकाटो नदी तेथे १५ मीटरच्या अरुंद खडकाळ घळीत शिरते. उंची अवघी ११ मीटर असली तरी पाण्याचा जोर पुलावर उभे राहिल्यावरच कळतो, आणि तो पाहायला तिकीट लागत नाही.

राफ्टिंगसाठी काइटुना नदी उत्तम. तिच्यावरील ७ मीटरच्या तुटेआ धबधब्यावरून राफ्ट थेट खाली येतो. तेथे सहसा तेरा वर्षांखालील मुलांना नेत नाहीत, म्हणजे चिरंजीव जेमतेम बसतात, परंतु आरक्षण करताना वयाची खात्री करून घ्यावी. धाकटीची समजूत न्गोंगोटाहा डोंगरावरील लूजच्या, म्हणजे उतारावरून घसरत खाली येणाऱ्या छोट्या चाकांच्या, गाडीने निघेल. डोंगरावर केबल कारने जाता येत असल्याने आजी-आजोबाही वरून तलाव पाहत निवांत चहा घेऊ शकतील. एका दिवशी एकच साहस ठेवावे, नाहीतर संध्याकाळी मोटारीत भांडणे ठरलेलीच.

---

प्रेषक: एक सभासद, हॅमिल्टन

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त वायटोमोविषयी थोडे निराळे सुचवतो. तेथील प्रसिद्ध काजवा-गुहेत शेवटी नावेतून जाताना डोक्यावर जो निळसर प्रकाश दिसतो, तो खरे तर काजव्यांचा नसून एका माशीच्या अळ्यांचा आहे. त्या छतापासून चिकट धागे सोडतात आणि उजेडाला भुलून आलेले किडे त्यांत अडकतात. दृश्य अविस्मरणीय आहे, परंतु त्या फेरीत पायऱ्या आहेत. जवळच्याच रुआकुरी गुहेत गोलाकार उताराच्या वाटेने उतरता येते आणि चाकांची खुर्चीही नेता येते. चालणे मात्र सुमारे दीड किलोमीटरचे आहे आणि नावेची फेरी नाही. पायऱ्या झेपत नसतील, पण सपाटीवर चालणे जमत असेल, तर रुआकुरी निवडावी. खुर्चीची गरज असल्यास आरक्षणाच्या वेळीच कळवावे.

परतीच्या दिवशी टाऊपोहून ऑकलंडपर्यंत साडेतीन तास तरी लागतात आणि सुट्टीच्या गर्दीत त्याहून अधिक. सकाळी लवकर निघावे.

---

प्रेषक: एक सभासद, ऑकलंड

मनःपूर्वक आभार. रोटोरुआत मुक्काम, जाताना रुआकुरी आणि मुलासाठी काइटुना असे ठरवले आहे. एकच अडचण उरली आहे. आई-बाबांमुळे मोठी गाडी भाड्याने घ्यावी लागेल, तर मुलीची बूस्टर सीट (लहान मुलांना गाडीत बसवण्याची उंच बैठक) त्यात मिळते का? तिला सात पूर्ण व्हायला अजून काही महिने आहेत आणि तोवर ती कायद्यानेच लागते.

---

प्रेषक: एक सभासद, हॅमिल्टन

मिळते, परंतु वेगळे पैसे मोजावे लागतात. आमच्या नातवाची आता पडूनच आहे. वायटोमोला जाताना हॅमिल्टनवरूनच जाल, तेव्हा ती न्या, पण ऑकलंड ते हॅमिल्टन या टप्प्यासाठी मंडळातील कोणाची तरी उसनी घ्यावी लागेल.