प्रति: संवृत आणि परिबद्ध म्हणजेच कॉम्पॅक्ट?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की कॉम्पॅक्ट म्हणजे 'ज्याला सांत खुलं आच्छादन असतं तो संच' (आच्छादन म्हणजे संच पूर्ण झाकणारे खुले संच; सांत म्हणजे त्यांची संख्या मर्यादित). चूक नेमकी इथेच होते. तसं आच्छादन कुठल्याही संचाला मिळतं, अख्खा अवकाश हाच एक खुला संच घ्या, झालं! अट वेगळी आहे: समोरच्याने दिलेल्या प्रत्येक खुल्या आच्छादनातून सांत उपआच्छादन निवडता आलं पाहिजे. निवड त्याच्या संचांतूनच करायची, नवे आणायचे नाहीत.

(०, १] घ्या, आच्छादन (१/न, २), न = १, २, ३… यातले मर्यादित संख्येनेच संच निवडले की सर्वांत मोठा न ठरतो, आणि १/न हा बिंदू बाहेर राहतो. आता ० जोडा. ० झाकायला एक खुला संच द्यावाच लागतो, समजा (−०.०१, ०.०१). मग त्याच्या जोडीला (१/१०१, २) घेतला की [०, १] झाकला गेला. न = १०० मात्र चालत नाही, ०.०१ हा बिंदू दोन्हींतून निसटतो. अर्थात हे एकच आच्छादन झालं; सिद्धतेसाठी 'ज्या क्षपर्यंत [०, क्ष] आच्छादनातल्या मर्यादित संख्येच्या संचांनी झाकता येतो' अशा क्षंचा लघुतम उपरिबंध (त्या सर्वांहून लहान नसलेली सर्वांत लहान संख्या) घ्यावा लागतो.

'संवृत (आपले सगळे सीमाबिंदू सामावणारा) आणि परिबद्ध (मर्यादित विस्ताराचा)' ही हाईने-बोरेल प्रमेयाची कसोटी सांत मितीच्या युक्लिडीय अवकाशापुरती. वर्गसंकलनीय क्रमिकांच्या (ज्यांच्या पदांच्या वर्गांची बेरीज सांत असते अशा) हिल्बर्ट अवकाशात (१, ०, ०, …), (०, १, ०, …) असे अनंत एकक सदिश एकमेकांपासून √२ अंतरावर असतात. १/२ त्रिज्येच्या खुल्या गोलात त्यांतला जास्तीत जास्त एकच मावतो, त्यामुळे अशा मर्यादित संख्येच्या गोलांनी संवृत एकक गोल झाकला जाणं अशक्य. परिबद्धतेच्या जागी इथे पूर्ण परिबद्धता लागते, म्हणजे कितीही लहान त्रिज्या घेतली तरी तेवढ्या त्रिज्येच्या मर्यादित संख्येच्या गोलांनी संच झाकता आला पाहिजे.