मदत हवी आहे: 'आर'मध्ये पंचगंगेच्या पातळीची वर्गवारी 'इफ' वापरून होत नाही

रंकाळाकाठ: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पावसाळ्यातील रोजची पातळी मी 'आर' या आकडेवारीसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत घेतली आहे. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असल्यामुळे प्रत्येक दिवसापुढे 'सुरक्षित', 'इशारा' किंवा 'धोका' असे यावे, एवढेच हवे आहे. 'इफ' (जर) आणि 'एल्स' (नाहीतर) वापरून अट लिहिली, तर महाविद्यालयातील संगणकावर सर्व दिवस सुरक्षित दिसतात आणि घरी तोच प्रोग्रॅम चालत नाही. प्रकल्प सोमवारी द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

करवीरवासी: 'चालत नाही' म्हणजे नेमका कोणता संदेश येतो? दोन्ही संगणकांवर 'आर'ची आवृत्ती कोणती आहे आणि अट एका मूल्यावर लावली आहे की संपूर्ण स्तंभावर?

रंकाळाकाठ: अट अर्थातच संपूर्ण स्तंभावर आहे. अटीची लांबी एकाहून जास्त असल्याचा संदेश येतो. घरी ४.३ आहे, महाविद्यालयात ३.६.

करवीरवासी: मग कारण स्पष्ट आहे. 'इफ' एकाच सत्य किंवा असत्य मूल्यावर निर्णय घेते. २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीपूर्वी तिला पूर्ण स्तंभ दिला, तर ती केवळ पहिले मूल्य तपासून पुढे जात असे आणि खाली एक वॉर्निंग दाखवत असे. तुमची पहिली नोंद जूनमधील, नदी पात्रात असतानाची असणार, म्हणून सगळेच दिवस सुरक्षित ठरले. आता त्याच ठिकाणी प्रोग्रॅम थांबतो, आणि पुराच्या आकड्यांबाबत तेच योग्य आहे असे माझे ठाम मत आहे.

शाहूपुरीकर: 'फॉर' लूप, म्हणजे प्रत्येक दिवसासाठी तीच कृती पुन्हा करणारी रचना, लिहावा. आधी तितक्याच लांबीचा रिकामा स्तंभ तयार करून प्रत्येक निकाल त्याच क्रमांकाच्या जागी ठेवावा. एकाच चलात ठेवत गेल्यास शेवटच्या दिवसाचाच निकाल हाती राहतो. अटींमध्ये ४३ ची तुलना प्रथम यावी, कारण ४५ फूट ही पातळी ३९ पेक्षाही जास्तच असते आणि क्रम उलटा असल्यास 'धोका' कधीच येणार नाही.

पन्हाळ्याचा वारा: इतक्या साध्या कामाला लूप कशाला? 'इफएल्स' हे फंक्शन संपूर्ण स्तंभ एकदम तपासते. एकात दुसरे बसवले की एका ओळीत काम होते.

शाहूपुरीकर: या उदाहरणात होते, हे मान्य. परंतु पातळी सलग दोन दिवस ३९ च्या खाली राहिल्यावरच इशारा मागे घ्यायचा असा नियम ठेवला, तर आजचा निकाल कालच्या निकालावर अवलंबून राहतो आणि तिथे ती ओळ पुरत नाही. नवशिक्याने लूप शिकलाच पाहिजे.

पन्हाळ्याचा वारा: तसा नियम प्रश्नात कुठेही नाही.

उजळाईवाडी: सरासरी काढताना काळजी घ्या. ४१ फूट ११ इंच ही पातळी ४१.११ अशी भरली असेल, तर ४१.९ म्हणजे ९ इंच असूनही तो आकडा मोठा ठरतो, आणि ३८.१० व ३८.१ यांत काहीच फरक उरत नाही. इंचांना बाराने भागून ते फुटांत मिळवा.

करवीरवासी: मुद्दा खरा आहे, पण ३९ आणि ४३ या पूर्ण फुटांच्या सीमा असल्याने वर्गवारीत त्यामुळे फरक पडत नाही.

रंकाळाकाठ: सरासरी मी विचारलेलीच नाही. लूप लिहिला, तो जुलैपर्यंत व्यवस्थित चालला आणि तिथे थांबला. सत्य किंवा असत्य हवे तिथे मूल्य नाही, असे म्हणतो.

करवीरवासी: त्या दिवसाची नोंद रिकामी आहे का?

रंकाळाकाठ: हो, काही दिवसांच्या नोंदी मिळाल्याच नाहीत.

करवीरवासी: हे सुरुवातीलाच सांगायला हवे होते. रिकाम्या नोंदीची, म्हणजे 'एनए'ची, ३९ शी तुलना केल्यास उत्तरही 'एनए'च येते आणि 'इफ' अडते. म्हणून लूपमधील पहिली अट नोंद रिकामी आहे का हे तपासणाऱ्या 'इज डॉट एनए'ची ठेवा आणि त्या दिवसापुढे 'नोंद नाही' असे लिहा. 'इफएल्स' अशा दिवशी न थांबता 'एनए'च पुढे ठेवते. कोणत्याही परिस्थितीत त्या दिवसांना 'सुरक्षित' म्हणू नका, आणि ३९ व ४३ या पातळ्या नेमक्या गाठल्या तरी त्या धरल्या जाव्यात म्हणून तुलनेत 'पेक्षा मोठे किंवा समान' हेच चिन्ह ठेवा.