मदत हवी आहे: जुन्या फोटोतली गन ब्रेन की विकर्स-बर्थिए?

नमस्कार मंडळी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचा बेळगावला काढलेला एक ग्रुप फोटो आहे, त्यात आमचे पणजोबा आहेत. पुढे बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) लाइट मशीनगन मांडली आहे, वरून घातलेलं वाकडं मॅगझिन. घरात सगळे तिला ब्रेनगनच म्हणतात. मागे शाईने सन लिहिलंय, पण शेवटचा आकडा पुसट: 1936 किंवा 1939.

मला ती विकर्स-बर्थिए वाटते. मूळ डिझाइन आंद्रे बर्थिए या फ्रेंच माणसाचं. 1925 मध्ये विकर्स या ब्रिटिश कंपनीने हक्क घेतले, 1933 मध्ये भारतीय सैन्याने ती स्वीकारली आणि बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती बनू लागली. ब्रिटिश सैन्याच्या चाचण्यांत मात्र चेक डिझाइनवरून निघालेली ब्रेन पुढे गेली. नाव झालं ते तिचंच.

अडचण अशी की दोघींचं रूप जवळपास एकच. .303 ची गोळी, 30 गोळ्यांचं मॅगझिन, पटकन बदलता येणारी नळी. आतही तेच: गॅसने मागे ढकलला जाणारा पिस्टन आणि मागचं टोक वर उचलून लॉक होणारा बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग). मग फोटोवरून ओळखायचं कसं? नळीचं तोंड फोटोत डावीकडे आहे, म्हणजे गनची डावी बाजू दिसते.

प्रतिसाद:
36 असेल तर विषयच संपला. इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या कारखान्यातून पहिली ब्रेन 1937 मध्ये बाहेर पडली. 39 असेल तर मागच्या साइटपाशी (नेम धरायच्या भागापाशी) झूम करा. मार्क 1 ब्रेनला डाव्या अंगाला साइटचा ठसठशीत गोल ड्रम असतो, बर्थिएला नसतो. मार्क 2 ब्रेनलाही तो नाही, पण ती 1941 ची, तुमच्या फोटोत येऊच शकत नाही.

जाता जाता: वाळवंटात एसएएसच्या (ब्रिटिश कमांडो दलाच्या) जीपवर दिसते ती विकर्स के मशीनगन बर्थिएच्याच डिझाइनवरून निघाली. तिला वर चपटं गोल मॅगझिन असतं आणि ती कितीतरी वेगाने झडते.

धागाकर्ता:
आभार! 1200 डीपीआयवर पुन्हा स्कॅन केला. मॅगझिनची कड स्पष्ट दिसते, ड्रम नाही. म्हणजे बर्थिएच. आता एवढंच सांगा, ही गन भारतात कुठल्या संग्रहालयात कोणी प्रत्यक्ष पाहिली आहे का?