मदत हवी आहे: ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मेमरी कोडवर एआय रिव्ह्यू कितपत चालतो, मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका चिप कंपनीत लिनक्सचा ग्राफिक्स ड्रायव्हर सांभाळतो. टीम चार जणांची. महिन्याभरापासून प्रत्येक पॅचवर (कोडमधल्या बदलावर) एआय रिव्ह्यू सुरू केलाय, आणि आता साहेबांना एक आकडा हवाय: "किती टक्के बग पकडतो ते सांग, मग लायसन्स वाढवायचं का बघू." आकडा काढायला बसलो आणि तिथेच अडकलो.

आधी सोपं वाटलं होतं. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) दुरुस्तीच्या कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाखाली) बहुतेक वेळा 'फिक्सेस'ची ओळ असते, चूक कुठल्या कमिटमधून घुसली ते तिच्यात दिलेलं असतं. ते जुने चुकीचे पॅच उचलायचे, बॉटपुढे टाकायचे, पकडलं की टिक.

पहिला घेतला पॅनफ्रॉस्टचा, म्हणजे माली जीपीयूच्या ड्रायव्हरचा. डिसेंबर २०२२ मधली दुरुस्ती. बफर (मेमरीचा तुकडा) बनला की रेफरन्स काउंट, म्हणजे त्याला कितीजण धरून आहेत तो आकडा, १; शून्य झाला की बफर मोकळा. त्याला हँडल दिलं की २. मग ड्रायव्हर स्वतःचा रेफरन्स सोडतो, उरतो फक्त हँडलचा. पण पॉइंटर वरच्या फंक्शनला परत देतो आणि ते तो बिनधास्त वापरतं. हँडल म्हणजे काय, १, २, ३ असा साधा आकडा. दुसऱ्या थ्रेडने अंदाजाने तोच आकडा देऊन हँडल बंद केलं की बफर गेला, आणि इकडे आपण त्या गेलेल्या बफरमध्ये हात घालतोय. व्हर्टिओ-जीपीयू या व्हर्च्युअल मशीनसाठीच्या ड्रायव्हरमध्येही त्याच महिन्यात याच जातीची दुरुस्ती झाली होती.

बॉटने थ्रेड, हँडलचा अंदाज, सगळं अचूक सांगितलं. मी खूश. मग सहज म्हणून दुरुस्त केलेला कोड दिला, तर तोच शेरा, तितक्याच ठामपणे! पाठ केलेलं उत्तर असणार. एवढी जुनी दुरुस्ती मॉडेलच्या वाचनात आलेलीच असेल.

म्हणून आमच्याच रेपोमधला तसाच एक बग घेतला, बाहेर कधीच न गेलेला. दहा वेळा चालवला. तीनदा सापडला. त्यातही एकदा ओळ बरोबर, कारण चूक: "इथे लॉक घेतलेलं नाही." याला पकडलं म्हणायचं का?

नुसता डिफ (बदललेल्या ओळी) दिला तर रेफरन्स सोडणारं फंक्शन त्याला दिसतच नाही. अख्खी फाइल दिली की शेऱ्यांचा पाऊस. मे २०२५ मध्ये शॉन हीलन या सुरक्षा संशोधकाने ओपनएआयचं ओ३ मॉडेल कर्नलमधल्या एसएमबी (फाइल शेअरिंगच्या) सर्व्हरवर चालवलं होतं, तिथेही हेच: नेमका कोड दिल्यावर १०० पैकी ८ वेळा बग सापडला, सुमारे १२ हजार ओळी दिल्यावर १०० पैकी एकदाच.

फेन्सची (जीपीयूचं काम संपल्याची खूण) तर वेगळीच तऱ्हा. ज्या वाटेने फेन्स सिग्नल होणार, त्या वाटेवर साधं मेमरी अलोकेशन चालत नाही, कारण मेमरी कमी पडली तर ती मोकळी करणारा कोड त्याच फेन्सची वाट बघत बसू शकतो. हा नियम बॉटला तोंडपाठ. पण ती वाट कुठे सुरू होते नि कुठे संपते हे कळत नाही, म्हणून प्रत्येक अलोकेशनवर बोंब.

तर प्रश्न असे. कारण चुकलं तर गुण द्यायचे का? आणि फालतू शेरे मोजायचे कसे? प्रत्येक शेरा तपासायला अर्धा तास जातो, म्हणून मी बरेचसे नुसते वाचून 'फालतू'मध्ये ढकललेत. ते बरोबर आहे ना, याचीच धास्ती आहे.

प्रतिसाद १

जोडीने मोजा. चुकीच्या कोडवर बोलला आणि दुरुस्त कोडवर गप्प बसला, तरच टिक. पॅनफ्रॉस्टसारखे जुने नमुने सरळ काढून टाका. तुमच्याच ड्रायव्हरमध्ये हाताने बग पेरा: एखादा रेफरन्स घेणं उडवा, दोन ओळी उलटसुलट करा.

कारणावर वाद घालत बसू नका. बॉटलाच टेस्ट लिहायला सांगा आणि केसॅन (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवून चालवा. रेस (दोन थ्रेडच्या वेळा जुळल्या तरच होणारी चूक) असेल तर मधल्या फटीत थोडी स्लीप टाका, म्हणजे फट रुंद होते आणि टेस्ट दरवेळी तिथेच पडते. पडली तर बग, नाही पडली तर बॉटच्या शब्दावर गुण नाही. तुमच्या 'फालतू' ढिगातले पाच-सहा शेरेही असेच चालवून बघा. आणि साहेबांना एकच टक्का देऊ नका हो. रेफरन्स काउंट, लॉक, फेन्स, तिन्हींचे आकडे वेगळे द्या, सोबत एका शेऱ्यामागे तुमची किती मिनिटं गेली तेही.

धागाकर्ता

स्लीपची युक्ती भारी! दहापैकी तीन होते ते आता दोन झाले, लॉकवाल्या शेऱ्याची टेस्ट पडलीच नाही.

पण ढिगातले सहा शेरे चालवले, त्यातल्या एकावर केसॅन पहिल्याच फेरीत ओरडला. बफर मॅप करतानाचा एरर पाथ, रेफरन्स दोनदा सोडला जातोय. कोड माझाच, वर्षभरापूर्वीचा. आधी त्याचा पॅच पाठवतो. उरलेला ढीग सगळा पुन्हा तपासावा लागणार, त्यामुळे साहेबांकडे आठवडाभराची मुदत मागितलीय.